राहून गेलेली आयकर विवरणपत्रे : गोव्यातील स्वयंरोजगार करणाऱ्यांनी सुरुवात कुठून करावी

गोव्यात आयकर विवरणपत्र राहून जाण्याचे एक ठरलेले वेळापत्रक आहे. ज्यांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण करावे लागत नाही, अशांची मुदत वर्षानुवर्षे ३१ जुलै अशी होती, आणि जुलै म्हणजे पावसाचा भर, थंडावलेले पर्यटन आणि हातात कमी पैसा. ‘चवथ होऊ दे, मग बघू’ असे म्हणता म्हणता ऑक्टोबर येतो, हंगाम सुरू होतो, आणि गेस्टहाऊस चालवणाऱ्याला किंवा भाड्याने दुचाक्या देणाऱ्याला मार्चपर्यंत मान वर करायला सवड मिळत नाही. असे एक वर्ष गेले की पुढच्या वर्षी नवे विवरणपत्र भरायचीच भीती वाटू लागते, कारण नवे भरले तर जुने उघडे पडेल असा समज असतो. हा समज चुकीचा आहे. बँका, ऑनलाइन बुकिंगचे मंच आणि निबंधक कार्यालये यांच्याकडून आयकर विभागाला तुमच्या व्यवहारांची माहिती आधीच मिळत असते. तुम्ही गप्प बसल्याने ती लपत नाही, फक्त व्याज वाढत राहते.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगणे आवश्यक आहे, कारण मुंबई-पुण्याकडच्या मार्गदर्शनात ती सहसा आढळत नाही : विवाहित गोमंतकीयाचे राहिलेले विवरणपत्र बहुधा एक नसते, पती आणि पत्नी या दोघांची मिळून दोन असतात. त्याचा खुलासा पुढे सविस्तर येईल.

आधी कागद गोळा करा, फॉर्म नंतर उघडा

आयकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर आपल्या पॅनने लॉग-इन करावे. पॅन आधारशी जोडलेले नसेल तर ते निष्क्रिय झालेले असू शकते. ती जोडणी १,००० रुपये शुल्क भरून सर्वप्रथम पूर्ण करावी. त्यानंतर प्रत्येक वर्षाचे ‘फॉर्म २६ एएस’ (तुमच्या पॅनवर कापल्या व भरल्या गेलेल्या कराचा तपशील) आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे ज्याला सगळे ‘एआयएस’ म्हणतात ते, उतरवून घ्यावे. येथे नवख्या माणसाची हमखास गफलत होते ती वर्षांच्या नावांत. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ हे आर्थिक वर्ष २०२३-२४, परंतु त्याचे करनिर्धारण वर्ष २०२४-२५. संकेतस्थळ, चलन आणि नोटीस बहुतेक वेळा करनिर्धारण वर्षाची भाषा बोलतात. एका कोऱ्या कागदावर दोन्ही वर्षे शेजारीशेजारी लिहून तो कागद समोर ठेवावा. चुकीच्या वर्षात भरलेला कर योग्य वर्षात आणणे ही वेगळीच यातायात आहे.

एआयएसमध्ये जे दिसते ते सगळे तुमचे उत्पन्न नव्हे, आणि जे दिसत नाही ते उत्पन्न नाही असेही नव्हे. घरातील दोन खोल्या ऑनलाइन मंचावरून पर्यटकांना देणाऱ्याच्या बाबतीत तो मंच कलम १९४-ओ खाली मूळातून कर (टीडीएस) कापतो (हा दर पूर्वी १ टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला), आणि त्या कपातीसोबत मंचाने कमिशन वजा करण्यापूर्वीची ढोबळ रक्कम विभागाकडे जाते. तुमच्या बँक खात्यात मात्र कमिशन कापून उरलेले पैसे जमा होतात. खातेपुस्तकावरून उलाढाल लिहिली तर ती एआयएसशी जुळणार नाही आणि नोटिशीला निमित्त मिळेल. उलट, पाहुण्याने दारात रोख दिलेले पैसे एआयएसमध्ये नसतील, पण ते उत्पन्नच आहेत. म्हणून बँकेची सर्व खाती, क्यूआर कोडवरील जमा, पावतीपुस्तके आणि जीएसटी नोंदणी असल्यास त्या विवरणपत्रांतील उलाढाल, ही सारी एका तक्त्यात महिनावार मांडावी. एआयएसमधील एखादी नोंद सरळसरळ चुकीची असेल तर तेथेच हरकत नोंदवण्याची सोय आहे.

कुळागरातील नारळ-सुपारीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहावे. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून जास्त आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे असेल, तर उरलेल्या उत्पन्नावरील कराचा दर ठरवताना ते हिशेबात धरले जाते.

भरणे बंधनकारक होते का?

कर शून्य येतो म्हणून विवरणपत्र नको, असे अनेकांना वाटते. बंधन कर किती येतो यावर नाही, करमुक्त मर्यादेवर अवलंबून आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी नव्या करप्रणालीत ही मर्यादा ३ लाख रुपये होती. ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नसला, तरी ३ लाखांच्या वर गेलेल्याने विवरणपत्र भरायलाच हवे होते. याखेरीज व्यवसायाची उलाढाल ६० लाखांहून अधिक, व्यावसायिक सेवेची जमा १० लाखांहून अधिक, वर्षभरात २५,००० रुपये किंवा अधिक टीडीएस, अथवा स्वतःच्या परदेश प्रवासावर २ लाखांहून अधिक खर्च, यांपैकी काहीही असेल तर उत्पन्न कमी असूनही बंधन लागू होते. यांत बसत नसलेली वर्षे यादीतून खोडून टाकावीत. चार वर्षांची धास्ती घेऊन आलेल्या माणसाची प्रत्यक्षात दोनच वर्षे उरतात, असे बरेचदा घडते.

पोर्तुगीज नागरी संहिता आणि कलम ५-ए

गोव्यात विवाहपूर्व करार करून वेगळी व्यवस्था ठरवली नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा हा नियम मुक्तीनंतरही कायम राहिला, आणि त्याला अनुसरून आयकर कायद्यात कलम ५-ए आले. ते १९९४ च्या वित्त कायद्याने घातले गेले असले तरी त्याचा अंमल पूर्वलक्षी प्रभावाने १ एप्रिल १९६३ पासून धरला जातो. या कलमानुसार पगार सोडून इतर प्रत्येक प्रकारचे उत्पन्न, म्हणजे व्यवसायाचा नफा, घरभाडे, भांडवली नफा आणि व्याज, पती व पत्नीमध्ये निम्मे-निम्मे वाटले जाते व ज्याने त्याने आपला हिस्सा स्वतःच्या विवरणपत्रात दाखवायचा असतो. दुकान कोणाच्या नावावर आहे किंवा गल्ल्यावर कोण बसते, याला येथे महत्त्व नाही. मालवण किंवा बेळगावहून येऊन म्हापशात व्यवसाय थाटलेल्या जोडप्याला मात्र केवळ गोव्यात राहतो म्हणून हे कलम लागू होत नाही. लग्नाला कोणता कायदा लागू आहे, हे पाहावे लागते. विवाह-नोंदणीचा दाखला आणि करार असल्यास त्याची प्रत कागदांच्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवावी, ती याचसाठी.

याचे परिणाम तीन आहेत आणि तिन्ही उशिराच्या विवरणपत्रात जाणवतात. पहिला लाभाचा. फोंड्यातील एका गृहसजावटकाराचे उदाहरण घेऊ : आर्थिक वर्ष २०२३-२४ मधील एकूण जमा ४० लाख, त्यातील रोख नगण्य, कलम ४४-एडीए प्रमाणे (ते पुढे येईल) त्यातील निम्मी रक्कम म्हणजे २० लाख नफा, टीडीएस काही नाही, आणि पत्नीला स्वतःचे वेगळे उत्पन्न नाही. सगळा नफा त्याच्या एकट्याच्या नावावर धरला तर नव्या प्रणालीत उपकरासह कर ३,१२,००० रुपये होतो. निम्मा-निम्मा वाटला तर प्रत्येकी १० लाखांवर ६२,४०० रुपये, म्हणजे दोघांचे मिळून १,२४,८००. कलम ५-ए माहीत नसलेल्या परप्रांतीय सल्लागाराकडून काम करून घेतले, तर हा फरक खिशातून जातो.

दुसरा परिणाम तेवढा सुखावह नाही. पत्नीलाही विवरणपत्र भरावे लागते, तिचेही राहून गेलेले असते, आणि विलंब शुल्क तिलाही वेगळे लागते. तिचे पॅन नसेल तर ते काढण्यापासून सुरुवात करावी लागते. ती शिक्षिका असेल आणि दरवर्षी फॉर्म १६ (नोकरीच्या ठिकाणाहून मिळणारा पगार व टीडीएसचा दाखला) वरून वेळेवर विवरणपत्र भरत आली असेल, तरीही ते अपुरे ठरते. तिचा पगार वाटला जात नाही, पण पतीच्या व्यवसायातला निम्मा हिस्सा तिच्या पगारावर चढतो आणि वरच्या दराने करपात्र होतो. घरात ही गोष्ट आधी नीट बोलून घ्यावी. आपण नियमाने कर भरत आलो, अशी जिची खात्री असते, तिला थकबाकीचा आकडा एकाएकी दाखवू नये.

तिसरा परिणाम फॉर्मचा. लहान व्यावसायिकांसाठीचा सोपा आयटीआर-४ आणि पगारदारांचा आयटीआर-१ हे दोन्ही फॉर्म कलम ५-ए प्रमाणे उत्पन्न वाटले जाणाऱ्यांना वापरता येत नाहीत. व्यवसाय चालवणाऱ्याने आयटीआर-३ घ्यावा. त्यात ‘आपण पोर्तुगीज नागरी संहितेच्या अधीन आहात का’ असा प्रश्न असतो, त्याला ‘होय’ म्हणताच ‘शेड्यूल ५-ए’ उघडते व जोडीदाराचे नाव, पॅन, प्रत्येक प्रकारच्या उत्पन्नातील हिस्सा आणि त्यावरील टीडीएसची वाटणी तेथे भरावी लागते. दोघांची विवरणपत्रे शेजारी ठेवून एकाच बैठकीत भरावीत. आकड्यांत एका रुपयाचाही फरक राहू देऊ नये.

नफा कसा ठरवावा

हिशेबाच्या वह्या नसतील तर अनुमानित कर-व्यवस्था हाच बहुतेकांचा आधार असतो. व्यवसायासाठी कलम ४४-एडी : उलाढाल २ कोटींपर्यंत, रोख जमेवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या जमेवर ६ टक्के नफा धरायचा. वकील, डॉक्टर, वास्तुरचनाकार, अभियंते, गृहसजावटकार अशा ठरावीक व्यवसायांसाठी कलम ४४-एडीए : जमा ५० लाखांपर्यंत, नफा ५० टक्के. एकूण जमेत रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून या मर्यादा अनुक्रमे ३ कोटी आणि ७५ लाख झाल्या आहेत. दलाली किंवा कमिशनवर जगणाऱ्याला मात्र ४४-एडी मिळत नाही. गोव्यात जमीनजुमल्याचे व्यवहार जुळवणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. त्यांनी प्रत्यक्ष जमाखर्च लिहून काढण्याला पर्याय नाही.

कोणत्या वर्षासाठी कोणती वाट

मूळ मुदत चुकली तरी करनिर्धारण वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते. विलंब शुल्क ५,००० रुपये, एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपये. ही वाट उघडी असेल तर दुसरा कोणताही विचार करू नये, कारण यात परतावा मागता येतो. व्यवसायातील तोटा पुढच्या वर्षी ओढण्याचा हक्क मात्र मूळ मुदतीसोबतच जातो. तसेच करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून व्यवसाय-उत्पन्न असलेल्याला जुनी करप्रणाली हवी असेल, तर त्यासाठीचा अर्ज मूळ मुदतीच्या आत द्यावा लागतो. उशीर करणाऱ्याला नवीच प्रणाली लागू होते, आणि विमा, भविष्य निर्वाह निधी अशा वजावटींचे कागद जमवण्यात अर्थ उरत नाही. त्याआधीच्या वर्षांना जुनी प्रणाली आपोआप लागू आहे, तेथे हे कागद उपयोगी पडतात.

३१ डिसेंबर उलटल्यावर उरते ते अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे ‘आयटीआर-यू’. २०२२ मध्ये ही सोय आली तेव्हा तिची मुदत करनिर्धारण वर्ष संपल्यापासून २४ महिने होती. २०२५ च्या वित्त कायद्याने ती ४८ महिने झाली. करनिर्धारण वर्ष २०२२-२३ साठी ही दारे ३१ मार्च २०२७ ला बंद होतात, २०२३-२४ साठी ३१ मार्च २०२८ ला, आणि पुढची वर्षे याच क्रमाने. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी त्याआधीच्या वर्षांच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू राहतो.

या सवलतीची किंमत मोठी आहे. कर आणि व्याज यांच्या बेरजेवर जादा कर द्यावा लागतो : पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५० टक्के, ३६ पर्यंत ६० टक्के, ४८ पर्यंत ७० टक्के. तोटा दाखवण्यासाठी, परतावा मागण्यासाठी किंवा आधी दाखवलेला कर कमी करण्यासाठी हे विवरणपत्र वापरता येत नाही, आणि एका वर्षासाठी ते एकदाच भरता येते. म्हणून त्यातील चूक महागात पडते. आयटीआर-यू साठी तरी चार्टर्ड अकाउंटंटची फी वाचवू नये, असे माझे मत आहे.

ज्यांचा टीडीएस करापेक्षा जास्त कापला गेला आहे आणि परताव्याची मुदत उलटली आहे, त्यांना विलंब माफ करून घेण्याचा अर्ज कलम ११९(२)(ब) खाली करता येतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत तो करावा लागतो आणि १ कोटीपर्यंतच्या मागणीवर प्रधान आयुक्त वा आयुक्त निर्णय देतात. उशिराचे खरे कारण आणि त्याचा पुरावा, उदाहरणार्थ दीर्घ आजारपणाची रुग्णालयातील कागदपत्रे, यांवरच हा अर्ज टिकतो. अशा परताव्यावर व्याज मिळत नाही.

व्याज, आणि पंधरा दिवसांची किंमत

व्याज तीन कलमांखाली लागते. न भरलेल्या करावर मूळ मुदतीपासून दरमहा १ टक्का हे २३४-ए. अग्रिम कर, म्हणजे वर्ष संपण्यापूर्वीच आगाऊ भरायचा कर, भरला नाही म्हणून करनिर्धारण वर्षाच्या १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का हे २३४-बी. आणि अग्रिम कराचा हप्ता चुकल्याबद्दल २३४-सी, जे अनुमानित पद्धतीत १५ मार्चच्या एकाच हप्त्यावर १ टक्का इतके येते. महिन्याचा एक दिवस लागला तरी पूर्ण महिना धरतात.

फोंड्याच्या त्याच जोडप्याने २० मार्च २०२६ रोजी विवरणपत्र भरले असे समजू. प्रत्येकी कर ६२,४००. २३४-ए चे २० महिन्यांचे व्याज १२,४८०. २३४-बी चे २४ महिन्यांचे १४,९७६. २३४-सी चे ६२४. बेरीज ९०,४८०, त्यावर २५ टक्के जादा कर २२,६२०, आणि विलंब शुल्क ५,०००. एकूण १,१८,१०० रुपये. हेच काम पंधरा दिवस लांबून ४ एप्रिलला झाले असते, तर जादा कराचा दर ५० टक्क्यांवर जाऊन आणि व्याजाचा आणखी एक महिना लागून प्रत्येकी सुमारे १,४२,६०० रुपये पडले असते. दोघांचे मिळून जवळजवळ ४९,००० रुपये केवळ मार्च आणि एप्रिल यांच्यामधल्या रेषेपायी. म्हणून अनेक वर्षे बाकी असतील तर जुन्याकडून नव्याकडे अशा सरळ क्रमाने जाऊ नये. ज्या वर्षाची दारे या मार्चला कायमची बंद होणार आहेत ते सर्वांत आधी, ज्याचा दर २५ वरून ५० वर उडी घेणार आहे ते त्यानंतर, आणि ६० वरून ७० वर जाणारे शेवटी घ्यावे.

भरणा, सादरीकरण, पडताळणी

कर आधी भरावा लागतो, विवरणपत्र नंतर. संकेतस्थळावरील ‘ई-पे टॅक्स’ मधून, योग्य करनिर्धारण वर्ष निवडून, स्वयंनिर्धारण कराचे चलन काढावे. पती आणि पत्नीची चलने आपापल्या पॅनवर स्वतंत्र असावीत. पतीच्या पॅनवर दोघांचा कर भरला तर पत्नीच्या विवरणपत्रात तो दिसणार नाही. चलनावरील बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि अनुक्रमांक विवरणपत्रात नोंदवावा लागतो.

सादर केल्यापासून ३० दिवसांत पडताळणी केली नाही, तर उशिरा पडताळणी केली तो दिवस हाच सादरीकरणाचा दिवस मानला जातो, आणि मार्चमध्ये केलेली सगळी धावपळ वाया जाऊ शकते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून हे काम दोन मिनिटांत होते. पत्नीच्या आधारला जुना, बंद पडलेला क्रमांक जोडलेला असणे ही नेहमीची अडचण आहे. तो क्रमांक महिनाभर आधीच बदलून घ्यावा.

नोटीस आलीच असेल तर

कलम १४२(१) ची नोटीस विवरणपत्र मागते, १४८-ए ची नोटीस जुने प्रकरण का उघडू नये असे विचारते. दोन्हींवर उत्तराची तारीख असते आणि ती चुकवणे हे विवरणपत्र चुकवण्यापेक्षा वाईट. कार्यवाही सुरू झाली की त्या वर्षासाठी आयटीआर-यू ची वाट बंद होऊ शकते, म्हणून स्वतःहून काही भरण्यापूर्वी नोटीस सल्लागाराला दाखवावी. कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के, आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असेल तर २०० टक्के दंड होऊ शकतो. फौजदारी खटल्याची भीती मात्र सरसकट बाळगू नये : अग्रिम कर आणि टीडीएस वजा जाता देय कर १०,००० रुपयांपर्यंत असलेल्या व्यक्तीवर विवरणपत्र न भरल्याचा खटला कलम २७६-सीसी खाली चालत नाही. खऱ्या नोटिशीवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो व तो ई-फायलिंग संकेतस्थळावर तपासता येतो. तो न तपासता मोबाइलवर आलेल्या कोणत्याही दुव्यावर पैसे भरू नयेत. शंका राहिली तर पणजीत पाटो येथे आयकर भवन आहे, तेथे कागद घेऊन जावे.

जुनी वर्षे निकालात निघेपर्यंत चालू वर्षाचा १५ मार्च जवळ आलेला असतो. वाटणीनंतर ज्याचा त्याचा कर १०,००० रुपये किंवा अधिक होत असेल, तर पती व पत्नी यांनी त्या तारखेपर्यंत आपापल्या पॅनवर अग्रिम कर भरून टाकावा.